आल्प्सवर घसरायला भावकीची परवानगी

तमाम भावकी, सोयरेधायरे, ग्रामस्थ आणि आमच्या फाटकावरून जाता-येता आत डोकावणारे सर्व हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे अजून स्वतःचेच असताना, आल्प्स पर्वतावर जाऊन दोन फळ्यांवर उभे राहून खाली घसरण्याचा निर्णय घेतला आहे. तरी कोणी काळजी करू नये. काळजी करायला घरात माणसे आहेत.

हे निवेदन मी खरोखर केलं होतं. भुकूमला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, उभं राहून, कपावर चमचा वाजवून. पिरंगुटच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं काढून मी वेळेआधी निवृत्त झालो आणि तेव्हापासून आसपासच्या गावांतली लग्नं, साखरपुडे, दुकानांची उद्घाटनं यांत माईक माझ्या हातात असतो. सवय अशी जडली आहे की पाण्याची टाकी भरली तरी मी ते जाहीर करतो.

त्या दिवशी ऐकायला तीन माणसं होती. एक माझी बायको. तिला हे आधीच माहीत होतं, कारण निर्णय तिचाच होता. ती म्हणाली, "चहा गार होतोय." दुसरा माझा चुलतभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शेजारीच राहतो, सकाळी आमचा पेपर वाचायला येतो. तो पेपर खाली न करताच म्हणाला, "दादा, घसरायला आल्प्स कशाला पायजे? परवा गोठ्यापाशी शेणावरनं घसारलास की."

तिसरी मोठी आई. ती खिडकीखालच्या खाटेवर पडून होती. ती हसली नाही. तिनं विचारलं, "कंदी?"

"फेब्रुवारीत. धा दिवस."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. ओठ हलत होते. मग म्हणाली, "जा की मंग."

तिनं मनात काय मोजलं ते मला कळलं. माझं निवेदन तिथंच संपलं.

आमची मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे. कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं होतं. एप्रिलात ती कायमची परत येणार होती, म्हणजे तिच्या वाट्याला तिकडचा हा एकच हिवाळा उरला होता. तिनं ऑस्ट्रियातल्या डोंगरातलं एक गाव शोधून काढलं, तिथं लाकडी घरातल्या दोन खोल्या ठरवल्या आणि आम्हा दोघांसाठी स्कीइंगच्या नवशिक्या वर्गात नावं घातली. "वर्गात बहुतेक पाच-सहा वर्षांची मुलं असतात, बाबा," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पण तुम्ही लाजू नका. ती तुम्हाला सांभाळून घेतील."

बायको लगेच तयार झाली. ती कधी कशाला घाबरत नाही. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय तिनं घेतले आहेत आणि त्यांची जाहीर घोषणा मी केली आहे. मीही तयार होतो. खोटं कशाला सांगू, मला फार हौस होती. पण खिडकीखाली मोठी आई होती.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मोठ्या आईला मूल नव्हतं. मला तिच्याकडे द्यायचं असं कुणी बसून ठरवलं नाही. मी तिचा पदर धरला आणि तिनं तो सोडवून घेतला नाही, एवढंच. तिचं माहेर ताम्हिणीचं. घाटमाथ्यावरच्या त्या पावसात वाढलेली बाई, आमच्या भुकूमच्या पावसाला ती आयुष्यभर 'शिपडनं' म्हणत आली.

मी तेवीस वर्षांचा असताना मोठे बाबा गेले. मूल नसलेल्या माणसाचं मडकं कुणी धरायचं, यावर भावकीत थोडी कुजबुज झाली, पण मडकं मीच धरलं, अग्नी मीच दिला. नदीवरून परत आलो तेव्हा मोठी आई भिंतीला टेकून बसली होती. हातात बांगड्या नव्हत्या. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "माझ्या टायमाला बी तूच. दुसऱ्या कुनाचा हात नगं."

मी म्हणालो, "व्हय."

तेवीस वर्षांच्या माणसाला 'व्हय' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तो शब्द त्यानंतर एकतीस वर्षं माझ्याबरोबर राहिला. कारखान्यात रात्रपाळीला असताना, सासुरवाडीला गेलेला असताना, मुलीला परदेशी सोडायला विमानतळावर गेलो तेव्हाही घरी फोन करून मी पहिल्यांदा विचारायचो, मोठी आई जेवली का.

दिवाळीत ती मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडापाशी पडली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ती खाटेवरून उठली नाही. पौडहून डॉक्टर यायचे. तिला ऐकू जाऊ नये म्हणून पायरीवर उभं राहून त्यांनी मला सांगितलं, "दुखणं असं काही नाही. वय झालंय. आठ दिवस जातील, वर्षही जाईल. मला नेमकं विचारू नका." मी आत गेलो तर मोठी आई म्हणाली, "त्येलाच ठावं न्हाई तर पैसं कशाचं घेतो?"

तर प्रश्न असा होता. आमच्यात माणूस गेलं की ठेवत नाहीत. दिवस मावळायच्या आत नेतात. लांबच्या लेकीसाठी फार तर दोन तास थांबतात, आणि तेवढ्यातही चार जण घड्याळ दाखवतात. मी त्या डोंगरातल्या गावात असताना इथं काही झालं, तर बस, रेल्वे, विमान, मुंबई, मुंबईहून भुकूम, असं करत मला यायला दीड दिवस लागला असता. म्हणजे अग्नी दुसऱ्याच कुणीतरी दिला असता. मी सगळी वेळापत्रकं पाहिली होती. दीड दिवसाचा सव्वा दिवस होत नव्हता.

आणि तरीही तयारी चालू राहिली. तयारीला स्वतःचा एक जोर असतो.

कोथरूडला व्हिसाची कागदपत्रं जमवून देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी समोर यादी ठेवली आणि म्हणाल्या, "सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही परत येणार याचा पुरावा. त्या लोकांना भीती असते, माणूस तिकडंच राहील."

"बर्फात राहून मी काय करू?"

"तसं नाही. घर, जमीन, मागे राहणारी माणसं, असं काहीतरी."

"मागे राहणारं माणूस आहे."

"त्याचा काही कागद?"

"नाही हो. तिचा कागद नाही."

"मग सातबारा आणा," बाई म्हणाल्या.

घरी येऊन हे मी मोठ्या आईला सांगितलं. तिला ते पटलं नाही. "माझं नाव लिव की. म्हनावं म्हातारी हाय घरात, यावंच लागंल."

"त्येंना कागद पायजे, मोठे आई."

"म्हातारीचा काय कागद आसतोय?" तिनं विचारलं, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

सातबाऱ्याचं नाव निघताच चुलतभावानं पेपर खाली केला. "मी आनतो दादा. तलाठ्याकडं मला जायचंच हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं माझा उतारा आणून दिला. त्याच्या हातात आणखी एक कागद होता. तो मोठ्या आईच्या नावचा होता, रस्त्याला लागून असलेल्या अकरा गुंठ्यांचा.

"ह्यो कशाला?"

"गेलोच हुतो, हातासरशी काढला," तो म्हणाला आणि घडी करून खिशात घातला.

हे अकरा गुंठे म्हणजे मोठ्या बाबांचा वाटा, त्यांच्यामागं मोठ्या आईच्या नावावर आलेला. एके काळी तिथं भात व्हायचं. आता तीन बाजूंना इमारती उभ्या आहेत आणि सातव्या मजल्यावरची माणसं गॅलरीत चहा पीत मोठ्या आईच्या वालाच्या वेलाकडे बघतात. कायद्यात काय आहे ते वकील जाणोत. पण आमच्या भावकीत एक समजूत आहे, ती कुठं लिहिलेली नाही आणि कुणी विसरतही नाही. निपुत्रिक माणसाचं मडकं जो धरतो, तो त्याचा मुलगा. त्या माणसाच्या मागे जे राहील त्यावर पहिला शब्द त्याचा.

चुलतभाऊ वाईट माणूस नाही, हे इथंच सांगतो. दिवाळीत मोठी आई पडली तेव्हा तिला उचलून आपल्या जीपमधून दवाखान्यात नेणारा तोच. मी त्या दिवशी एका साखरपुड्यात नवरीच्या आत्याला स्टेजवर बोलावत होतो. पण अकरा गुंठे रोज सकाळी दारातून दिसत असले, की चांगल्या माणसाचीही मान तिकडं वळते.

त्यानंतर माझ्या सहलीबद्दल या गावात सर्वांत जास्त आस्था कुणाला असेल तर ती त्याला. त्यानं मला कानटोपी आणून दिली. हातमोजे आणले, ते त्याच्या मोटारसायकलचे होते, डाव्या हाताच्या दोन बोटांना भोकं होती. एके दिवशी थर्मास घेऊन आला. "तिकडं च्या मिळंल न मिळंल." रोज विचारायचा, "व्हिसा आला का दादा?" व्हिसा आला त्या दिवशी त्यानं पेढे वाटले. बायको मला हळूच म्हणाली, "आपल्या लग्नात एवढा खूश नव्हता हा."

जाता जाता तो रोज एक वाक्य म्हणायचा. "तू बिनघोर जा. हिकडचं मी बगतो. समदं."

'समदं' हा शब्द तो जरा सावकाश म्हणायचा.

मुलीनं व्यायाम पाठवले होते. भिंतीला पाठ लावून अधांतरी बसायचं, एका पायावर उभं राहायचं. बायकोनं ठरवलं की हे पुरेसं नाही, उताराची सवय पाहिजे. आमच्या घरामागं टेकडी आहे. जानेवारीत तिच्यावरचं गवत वाळून पिवळं होतं आणि असं गुळगुळीत होतं की बकरीसुद्धा विचार करून पाय टाकते. सकाळी सात वाजता आम्ही दोघं हातात बांबू घेऊन तिथं जायचो, वरून खाली घसरत यायचो आणि पुन्हा वर चढायचो. बायको झाडाच्या पानासारखी अलगद खाली यायची. मी गोणीसारखा यायचो. नव्या सोसायटीतले एक गृहस्थ प्रभातफेरीला यायचे, ते रोज थांबून विचारायचे, "अंकल, आर यू ओके?" एकदा शेळ्या घेऊन निघालेली गावातली एक म्हातारी थांबली.

"काय हरवलंय का वो, एवढं हुडकताय ते?"

"व्हय," बायको म्हणाली. "ह्यांची अक्कल."

त्या दिवशी कोपर सोलपटून घरी आलो. मोठ्या आईनं ते खाटेवरून पाहिलं.

"कुटं पडलास?"

"टेकडीला."

"कसा पडलास?"

"कसा म्हंजे? पाठीवर."

"मागं रेलला आसशील. उतारावर भ्यालं की मानूस मागं रेलतंय. मागं रेललं की पडतंयच. फुडं वाकायचं. आन पायाकडं न्हाई बगायचं, जायचं तिकडं बगायचं."

संध्याकाळी मुलीनं शिक्षकाचा एक व्हिडिओ पाठवला. तो गोरा, दाढीवाला माणूस बर्फात उभा राहून नेमकं हेच सांगत होता. पुढं वाका, खाली बघू नका. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती फोनमध्येच ओरडली, "मोठी आजी! तू कुठं शिकलीस हे?"

"ताम्हिणीत," मोठी आई म्हणाली. "पावसात उतरायचो की डोंगरावरनं, डोईवर भारा घिऊन. समदं निसरडं."

"आणि भारा पडला तर?"

"भारा पडला तर आई चाबकानं मारायची. म्हनून पडायचंच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती माझी शिक्षिका झाली. दुपारी जेवण झालं की मला खाटेसमोर उभं करायची. गुडघे वाकव. आणखी खाली. टाचा रोव. ढुंगण मागं काढू नगं, तू काय हंड्यावर बसलायस? मी तिची काठी दोन्ही हातांत धरून त्या सहा बाय आठच्या जागेत आल्प्स उतरत होतो आणि ती पडल्या पडल्या हात हलवून मला वळणं दाखवत होती. डावीकडं. आता सरळ. थांब, वाईच दम घे. एकदा तोल गेला तर तिनं माझं कोपर धरलं. तिच्या हाताला काही वजनच उरलं नव्हतं. वालाची वाळकी शेंग असावी तसा तो हात माझ्या कोपरावर होता, आणि मी तिच्या जोरावर उभा आहे असं दाखवत राहिलो. कदाचित नुसतं दाखवत नव्हतो, खरंच तसा उभा होतो, असंही वाटतं.

त्या वेळी विचारायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मोठे आई, मी तिकडं असताना तुला काही झालं तर काय करायचं, एवढंच वाक्य. मी मनात ते पुष्कळदा जुळवलं. हजार माणसांच्या मांडवात नवरदेवाच्या हरवलेल्या मामाला मी नावानिशी हाक मारतो, सरपंच रुसले तर माईकवरून त्यांची समजूत काढतो. पण हे वाक्य तोंडाबाहेर निघालं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जा. आणि ते 'जा' खरं आहे की माझ्यासाठी म्हटलेलं आहे, हे मला कधीच कळलं नसतं.

निघायला नऊ दिवस उरले असताना तिनं जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे रागानं नाही. सकाळी पेज दिली तर तोंड फिरवलं. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशी चमच्यानं पाणी तेवढं आत जात होतं. बोलणं बंद झालं. डोळे मिटलेले. डॉक्टर आले, नाडी पाहिली, या वेळी ते पायरीवरही थांबले नाहीत. "बघा तुम्ही," एवढं म्हणून गेले. आमच्या दोन बॅगा त्याच खोलीच्या कोपऱ्यात भरून ठेवलेल्या होत्या. एका बॅगेतून नव्या लोकरी मोज्यांचं टोक बाहेर आलं होतं. मला त्या मोज्यांची इतकी लाज वाटली की मी उठून ते आत ढकलले आणि चेन लावली.

मी मुलीला फोन केला. "जमणार नाही गं. रद्द कर."

ती म्हणाली, "बाबा, मोठी आजी म्हणाली का नका जाऊ?"

"ती बोलतच नाही आता."

"बोलत होती तेव्हा विचारलंत?"

"नाही."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या जगाशी बोलता." आणि तिनं फोन ठेवला. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

रद्द करायचं हे मी ठरवलं होतं. पण ते भावकीला कळण्याआधीच चुलतभावानं भावकी बोलावली होती. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मधल्या खुर्चीवर तात्या बसले. ते भावकीतले सर्वांत वडील पुरुष, सगळा गाव त्यांना तात्याच म्हणतो. मोठी आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते, तिनं त्यांचं नाक पुसलेलं आहे. मोठ्या आईची खिडकी अंगणातच उघडते. म्हणून सगळ्यांनी आवाज खाली घेतला. पण आमच्या भावकीची कुजबुज पौडपर्यंत ऐकू जाते.

"म्हातारीला काय इचारलंय का?" तात्यांनी सुरुवात केली.

"तिला कशाला?" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना हलवल्या. जिच्याबद्दल बैठक होती, तिला सोडून बाकी सगळ्यांचं मत घ्यायचं ठरलं.

चुलतभाऊ उभा राहिला. "माझं म्हननं येवढंच हाय. दादाचं समदं ठरलंय. पोरगी तितं वाट बगतीय, एकुलती एक. तिचं मन कशाला मोडायचं? मी हाय की हितं. टाइम आला तर मडकं मी धरतो. मी काय परका हाय का? रक्ताचाच हाय."

"बराबर हाय," एक जण म्हणाला.

"पन ह्येला आडवलंय कुनी? जाऊन येऊ दे की. म्हातारीनं धा दिवस काढलं तर?"

"आन न्हाई काढलं तर?"

"न्हाई काढलं तर ठिवायचं का काय? आपल्यात ठेवत न्हाईत."

"म्हनून तर ठरवून टाकू म्हनतोय," चुलतभाऊ म्हणाला.

दारात माझी बायको उभी होती. ती एरवी भावकीच्या बैठकीत बोलत नाही. ती म्हणाली, "भावजी, आत माणूस जिवंत हाय आजून."

चुलतभावानं मान खाली घातली. त्याला ते लागलं हे मी पाहिलं. तो दिवाळीत तिला दोन्ही हातांवर घेऊन जीपकडे धावला होता, आणि आता हे करत होता, आणि दोन्ही करणारा तोच होता.

मी म्हणालो, "मी जात न्हाई. विषय मिटला."

"आसं कसं मिटला?" तात्या म्हणाले. "उद्या म्हातारी आजून वरीसभर बसली तर पोरगी आमाला शिव्या घालंल. आन तू बी घालशील, तोंडानं न्हाई तरी मनातनं." ते खरं होतं. "आसं कर, तू जा. जाताना चार वळी लिवून दे. माझ्या माघारी हिचं काय बरंवाईट झालं तर अग्नी ह्यानं द्यावा, माझी हरकत न्हाई. म्हंजे मागनं भांडान नगं."

"व्हय, व्हय. लिवून दिल्यालं बरं."

चुलतभावाच्या खिशात कोरा कागद तयार होता. पेनही होतं. त्यानं ते माझ्यासमोर धरलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. पेनाचं टोपण त्यानं आधीच काढून ठेवलं होतं.

मी पेन हातात घेतलं. का घेतलं ते आजही सांगता येत नाही. नऊ माणसं बघत होती, त्यात तीन जण माझ्याहून वडील होते, आणि आमच्याकडे वडील माणसानं पुढं केलेली गोष्ट हात आपोआप घेतो. कागद मांडीवर होता. चार ओळींचीच गोष्ट होती. मला मजकूरही सुचत होता, माझ्या धंद्यात मजकूर अडत नाही. 'मी खाली सही करणार' इथपर्यंत मी लिहिलंसुद्धा. पुढं 'दुसऱ्या कुणाचा हात' असं काहीतरी लिहावं लागणार होतं, आणि माझं मनगट तिथं थांबलं. ज्या ठिकाणी तिनं एकतीस वर्षांपूर्वी धरलं होतं तिथंच. मी पेन उचलूही शकत नव्हतो आणि पुढंही नेऊ शकत नव्हतो. तात्यांनी घसा साफ केला. कुणीतरी म्हणालं, "लिव की."

तेवढ्यात खिडकीच्या गजावर पितळी तांब्या आपटल्याचा आवाज झाला. एकदा, मग पुन्हा. बायको आत धावली. आम्ही सगळे उभे राहिलो. खिडकीत आधी तांब्या धरलेला हात दिसला, मग गजाला टेकलेलं कपाळ. दोन दिवस जिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता ती मोठी आई खाटेवर उठून बसली होती, आणि सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतली माणसंही खाली वाकून बघतील अशा आवाजात ओरडली:

"ए तात्या, घाल त्यो कागद चुलीत! मला दुसऱ्या कुनाचा हात नगं. ह्यो तितं बर्फात खेळतोय तवर मला बी हितं बर्फात ठिवा, आला की जाळंल त्यो!"